दहा मिनिटे आधी पोहोचलेला निरोप

‘खोटी नोंद केली’ हे तीन शब्द एका माणसाच्या सेवापुस्तकात आहेत. ते माझ्या अहवालातून तिथे गेले. या गोष्टीला तीसहून अधिक वर्षे झाली. तो माणूस निवृत्त झाला, मीही झालो. शब्द राहिले. गेल्या मार्चपर्यंत ते खरे आहेत याविषयी मला शंका नव्हती.

मी वीज खात्यात चाचणी विभागात होतो. उपकेंद्रांतली उपकरणे तपासायची, नोंदवह्या तपासायच्या, चूक आढळली की लिहायची, असे काम होते. मी ते चोख केले असे लोक म्हणत. माझ्याबद्दल लोक आणखीही काही म्हणत असत. ते माझ्यासमोर म्हणत नसत.

मार्चमधली गोष्ट अशी. माझी नात पदार्थविज्ञान शिकते आणि महाविद्यालय जवळ पडते म्हणून आमच्याकडे नाशिकरोडला राहते. तिला वर्गात एका विषयावर बोलायचे होते: निरपेक्ष काळ आणि सापेक्ष काळ. सराव तिने माझ्यासमोर करायचे ठरवले, कारण घरात न हसता ऐकणारा मी एकटाच. सकाळचे नऊ वाजले असतील. मी गॅलरीत बसलो होतो. आमच्या गॅलरीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. किती चिमण्यांतून धूर निघतो हे पाहिल्याशिवाय मी वर्तमानपत्र उघडत नाही.

“आजोबा, मध्येच बोलायचं नाही,” ती म्हणाली.

“चूक असेल तर बोलेन.”

“चूक असेल तर शेवटी बोला. मास्तरसुद्धा शेवटी बोलतात.”

तिने सुरुवात बरी केली. जुन्या विज्ञानाने असे धरले होते की काळ एकच आहे. तो सगळीकडे सारखा वाहतो, कोणी मोजो अथवा न मोजो. घड्याळे बरी-वाईट असतील, पण त्यांच्यामागे एक खरी वेळ असते. हा निरपेक्ष काळ. नंतरच्या विज्ञानाने विचारले, ती खरी वेळ कोणी पाहिली? आपल्या हाती घड्याळेच आहेत. आणि एकमेकांच्या तुलनेत वेगाने जाणाऱ्या दोघांची उत्तम घड्याळे घेतली, तर त्यांच्या वेळा जुळत नाहीत. दोघांपैकी चूक कोणाचीच नसते. हा सापेक्ष काळ.

मी मध्ये बोललो. “काळ एकच असतो. घड्याळं चुकतात.”

“चुकलं हे कशावरून ठरवता?”

“बरोबर घड्याळाशी ताडून.”

“आणि ते बरोबर आहे हे?”

“आणखी चांगल्या घड्याळाशी ताडून.”

“असं कुठपर्यंत जायचं?” तिने विचारले. “शेवटी तुम्ही एका घड्याळावर बोट ठेवता आणि त्यालाच काळ म्हणता. बरं, आता ऐका. मुद्द्याची गोष्ट पुढे आहे.”

मुद्द्याची गोष्ट ही, की सगळेच सापेक्ष होत नाही. एका घटनेमुळे दुसरी घटना घडली असेल, म्हणजे एकाने निरोप धाडला आणि दुसऱ्याला तो मिळाला, तर हा क्रम कोणाच्याही दृष्टीने उलटत नाही. मधले अंतर कोणी जास्त मोजेल, कोणी कमी. पण निरोप धाडण्याआधी तो मिळाला, असे कोणालाही आढळणार नाही.

“आणि समजा, नोंदीत तसं आढळलं तर?” मी विचारले.

“म्हणजे?”

“निरोप दिल्याची वेळ नंतरची, मिळाल्याची आधीची.”

ती हसली. “मग नोंद करणाऱ्याचं घड्याळ तपासायचं, आजोबा. माणूस नंतर.”

मी तिला पुढे चालू ठेवायला सांगितले. ती आणखी पंधरा मिनिटे बोलली. शेवटी तिने काय म्हटले ते मला सांगता येणार नाही.

ते तीन शब्द ज्या तपासातून आले, तो असा होता.

शहराबाहेरच्या एका उपकेंद्रातून एक लाईन सिन्नरच्या बाजूला जात होती. एके दिवशी त्या लाईनवर दुरुस्तीचे काम निघाले. अशा वेळी लाईन बंद करून काम करणाऱ्या मिस्त्रीला परमिट देतात. परमिट म्हणजे लाईन मृत आहे याची लेखी हमी. काम संपले, माणसे खांबावरून उतरली, की मिस्त्री फोनवरून परमिट परत करतो. तो निरोप येईपर्यंत उपकेंद्रातल्या ऑपरेटरने लाईन चालू करायची नसते. त्या नियमावर लोकांचे जीव असतात, म्हणून त्यात सबब चालत नाही.

तीन महिन्यांनी मी कागद तपासले. मिस्त्रीच्या कागदावर लिहिले होते: परमिट परत, तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटे. ऑपरेटरच्या लॉगशीटवर लिहिले होते: निरोप मिळाला, तीन सदतीस, लाईन चालू केली, तीन एक्केचाळीस.

निरोप दिला जाण्याच्या दहा मिनिटे आधी मिळाला होता. हे अशक्य. म्हणून मी ठरवले, की ऑपरेटरने निरोपाची वाट न पाहता लाईन चालू केली आणि नंतर ती चूक झाकायला सदतीसची नोंद घुसवली.

मी तपासाला उपकेंद्रात गेलो. ऑपरेटर चाळिशीचा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, “साहेब, फोन आला, मी लिहिलं, मग स्विच फिरवला. घड्याळ मागं पडतं आमचं.”

त्याचे भिंतीवरचे घड्याळ विजेवर चालणारे होते. तसल्या घड्याळाला स्वतःची चाल नसते. विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे दर सेकंदाची आवर्तने, पन्नास असेल तर ते बरोबर चालते. मागणी वाढून फ्रिक्वेन्सी पडली की तेही मंदावते. त्या वर्षांत उन्हाळ्यात शेतीपंप सुरू झाले की फ्रिक्वेन्सी पडायचीच. त्यामुळे रोज सकाळी आठला, शिफ्ट बदलताना, रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ लावून घेत. हे मला माहीत होते. पण मी सकाळी सव्वाआठला पोहोचलो होतो. भिंतीवरचे घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होते.

“घड्याळ बरोबर आहे,” मी म्हणालो. “आणि चार्टही तेच सांगतो.”

पॅनेलवर एक यंत्र होते. कागदाची गुंडाळी संथपणे उलगडत जाई आणि लाईनवरचा भार शाईने त्यावर उमटे. त्या चार्टवर भार तीन एक्केचाळीसला सुरू झालेला दिसत होता. लॉगशीट आणि चार्ट, असे दोन साक्षीदार एकच वेळ सांगत होते.

ऑपरेटर चार्टबद्दल काही सांगायला लागला. मी हात वर केला. तो थांबला.

मिस्त्रीला वेगळे विचारले. तो आडदांड आणि बोलका होता. “सायेब, माझं घड्याळ रोज रेडिओवर लावतो मी. त्यात चूक निघाली तर मिशी काढीन,” तो म्हणाला. माणसे केव्हा उतरली, यावर म्हणाला, “पावणेचारच्या सुमारास.” अधिक नेमके सांगता येईना. तेव्हा मी ‘सुमारास’ या शब्दाला किंमत दिली नाही. माणसे एक्केचाळीसच्या आत उतरली असतील, असे धरले आणि अहवालात लिहिले: ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही.’

ऑपरेटरला पॅनेलवरून काढले. नांदगावकडच्या एका स्टोअरमध्ये त्याची बदली झाली आणि निवृत्त होईपर्यंत तो तिथेच नट-बोल्ट मोजत राहिला. पुन्हा कोणा मिस्त्रीने त्याच्या सहीचे परमिट घेतले असते, असे मला वाटत नाही.

नातीचा सराव झाला त्या दुपारी मी माळ्यावरची पेटी काढायला लावली. माझ्या प्रत्येक अहवालाची प्रत मी ठेवली आहे. बायको म्हणाली, “आता काय हवंय त्यात? उधई लागली असेल.” उधई लागली नव्हती. अहवालाला त्या दिवसाच्या लॉगशीटची प्रत जोडलेली होती.

लॉगशीटवर ऑपरेटर दर तासाला काही आकडे लिहितो. त्यात फ्रिक्वेन्सीचा एक रकाना असतो. आठपासून चारपर्यंतचे आकडे त्या माणसाच्या स्वच्छ अक्षरात होते. कुठे एकोणपन्नासच्या किंचित वर, कुठे किंचित खाली. सरासरी एकोणपन्नास.

मी पेन्सिल घेतली. आठपासून तीन सत्तेचाळीसपर्यंत चारशे सदुसष्ट मिनिटे होतात. पन्नासाऐवजी एकोणपन्नासवर चालणारे घड्याळ तेवढ्या वेळात चारशे सत्तावन्न मिनिटे आणि काही सेकंद पुढे जाते. म्हणजे मिस्त्रीच्या घड्याळात तीन सत्तेचाळीस झाले, तेव्हा ऑपरेटरच्या भिंतीवर तीन सदतीस झालेले होते.

गणित तीन वेळा केले. तिन्ही वेळा सदतीस आले.

चार्ट उरला. माझ्या विभागातले तसले यंत्र चावीवर चालत असे. त्याचा विजेच्या फ्रिक्वेन्सीशी संबंध नसे. त्या उपकेंद्रातलेही चावीचेच असणार असे मी गृहीत धरले होते. मी झाकण उघडून पाहिले नव्हते. आत मोटर असली, तर चार्ट आणि घड्याळ एकाच तारेवर बरोबरीने मागे पडणार आणि एकमेकांशी तंतोतंत जुळणार. मग माझे दोन साक्षीदार हे दोन नव्हतेच. एकच साक्षीदार दोनदा बोलला होता.

हे सापेक्षता सिद्धांताचे उदाहरण नव्हे, हे मला कळते. इथे कोणी प्रचंड वेगाने प्रवास करत नव्हते. हे केवळ मंद घड्याळ होते. पण माझी चूक घड्याळाविषयीची नव्हती. मिस्त्रीचा सत्तेचाळीस आणि ऑपरेटरचा एक्केचाळीस हे मी एकाच पट्टीवर मांडले होते, कारण पट्टी एकच असते असे मी न तपासता मानत होतो. आणि ज्या क्रमात घड्याळाची गरजच नव्हती, तो मी पाहिला नाही. पावणेचारपर्यंत माणसे खांबावर होती. काम चालू असताना लाईनला लोखंडी साखळ्या लावून ती जमिनीशी जोडलेली असते. त्या स्थितीत वीज सोडली असती तर लाईन क्षणात पुन्हा बंद पडली असती आणि चार्टवर शाई उसळली असती. चार्टवरची रेघ शांत होती. माणसे जिवंत होती. हा पुरावा होता, आणि मी त्याला सुदैव म्हटले.

ऑपरेटरचा पत्ता मिळवायला चार दिवस लागले. तो शहरातच, एका वसाहतीत मुलाकडे राहत होता. मी सकाळी अकराला गेलो. दार त्याने स्वतःच उघडले. केस पूर्ण पांढरे, पण सदरा तसाच कडक इस्त्रीचा. क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिले.

“जय भीम, साहेब,” तो म्हणाला. “बसा.”

समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. बाजूला घड्याळ होते. ते सेलवरचे होते. माझी नजर तिथे गेलेली त्याने पाहिली.

“ते बरोबर आहे,” तो म्हणाला.

मी प्रस्तावना केली नाही. “तो चार्टचा रेकॉर्डर चावीचा होता की मोटरचा?”

“मोटरचा. आदल्या वर्षी बदलला होता.” त्याला आठवायला वेळ लागला नाही. “तेच सांगत होतो तेव्हा. तुम्ही हात वर केलात.”

मी लॉगशीटची प्रत आणि माझे गणित त्याच्यापुढे ठेवले. त्याने चष्मा लावला आणि सगळे आकडे बोटाने तपासत वाचले. त्याची पत्नी पाणी घेऊन आली आणि उभीच राहिली.

“काय लिहिलंय?” तिने विचारले.

“मी बरोबर होतो, असं लिहिलंय.”

“ते मला माहीत होतं,” ती म्हणाली. “यांना कळायला एवढी वर्षं लागली? साहेब लोकांचं घड्याळ फारच मागं दिसतंय.” आणि ती चहा करायला आत गेली.

मी म्हणालो, “माझी चूक झाली. खात्याला लेखी कळवतो.”

“कळवा. पण ते कोण वाचणार, साहेब? तिथं आता आपल्याला ओळखणारं कोणी नाही.” त्याने कागद घडी करून परत दिले. “मला सांगून तरी काय उपयोग? मी तिथंच होतो. फोन मीच घेतला होता. मला माझं माहीत होतं.”

मी कागद खिशात ठेवले.

“मिस्त्रीला सांगा,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितले ते मला माहीत नव्हते. त्या दिवशी खांबावर चार माणसे होती आणि त्यांतला एक मिस्त्रीचा धाकटा भाऊ होता. ऑपरेटर आणि मिस्त्री एका वर्षी नोकरीला लागलेले. मिस्त्री उपकेंद्रात आला की दोघे एका डब्यातून जेवत. माझा अहवाल वाचून दाखवला गेला त्या दिवसापासून मिस्त्री त्याच्याशी बोलला नाही. ऑपरेटरच्या मुलाच्या लग्नाला आला नाही. पत्रिका परत आली.

“आपल्या भावाच्या अंगावर मी लाईन सोडली, असं त्याच्या डोक्यात आहे. मी दोनदा गेलो सांगायला. तो म्हणाला, साहेबांनी चार्ट बघितलाय. तू चार्टपेक्षा शहाणा का?” त्याने चष्मा काढला. “आता त्यानंही ऐंशी गाठली. मीही काही लांब नाही. माझ्या मागं त्याच्या घरात हेच राहणार. तेवढं नको.”

“कुठे असतो तो?”

“सिन्नरला. एमआयडीसीच्या पुढं मळा आहे. तो नंबर बदलत नाही. माझ्याकडं आहे. मी लावत नाही.”

पुढच्या मंगळवारी मी सकाळच्या एसटीने सिन्नरला गेलो. तिथून पुढे जीपने. मिस्त्री ओट्यावर खाटेवर बसून लसूण निवडत होता. अंग उतरले होते, मिशी होती. मनगटावर घड्याळ होते, चावीचे.

“सायेब?” तो उठायला लागला. “तुमी अजून हायेत व्हय? मला वाटलं, गेले आसतील.”

“आहे. बसा.”

“काय चौकशी निघाली का पुन्हा? पेन्शन बंद करू नका बुवा.”

मी त्याला सांगितले. कागद उघडले नाहीत; त्याला आकडे नको होते. भिंतीवरचे घड्याळ कसे मागे पडत गेले, चार्टही त्याच्याबरोबर कसा मागे पडला, मी झाकण कसे उघडले नाही, हे क्रमाने सांगितले. तो लसणाची पाकळी बोटांत धरून ऐकत होता.

“म्हंजे माझं घड्याळ बरोबर व्हतं,” तो म्हणाला.

“बरोबर होतं.”

“मग त्याचं चुकलं.”

“त्याचं घड्याळ मागे होतं. तो चुकला नाही. तुमचा फोन आल्यावरच त्याने लाईन चालू केली. चार मिनिटांनी.”

“आन् तुमीच लिवलं व्हतं ना, का आधी केली?”

“मीच लिहिलं होतं. ते खोटं होतं.”

त्याने पाकळी टोपलीत टाकली. नंतर सावकाश म्हणाला, “सायेब, आमी पावणेचारला उतरलो, हे मी सांगितलं व्हतं तुमाला. माझा भाऊ शेवटी उतरला. साखळी त्यानंच काढली. एक्केचाळीसला लाईन आली आसती, तर तो मेला आसता. तो तर आता नातवंडं खेळवतोय.” त्याने माझ्याकडे रोखून पाहिले. “हे मला तेव्हा सुचायला पाहिजे व्हतं. तुमाला नाय सुचलं, ते ठीक हाय. तुमी खांबाखाली नव्हते. मी व्हतो.”

त्याने टोपली बाजूला सारली.

“तुमचा कागद बघितला आन् डोकं चाललंच नाय,” तो म्हणाला. “लय वर्षं झाली.”

त्याने आत हाक मारली आणि सुनेकडून फोन मागवला. मी ऑपरेटरचा नंबर असलेली चिठ्ठी पुढे केली. त्याने ती घेतली नाही. नंबर त्याला पाठ होता.

पलीकडे फोन उचलला गेला. त्याने फोनचा आवाज मोठा ठेवला होता, कारण त्याला कमी ऐकू येते. त्यामुळे मलाही ऐकू आले. तो आपले नाव सांगेना, हॅलोही म्हणेना.

“कोण?” पलीकडून विचारले गेले. आवाजावरून वाटले, त्याला ठाऊक होते.

मिस्त्री नोकरीत ज्या सुरात बोलत असे त्याच सुरात म्हणाला, “मेसेज लिहून घे. सिन्नर लाईन. काम पूर्ण. चारी माणसं खाली उतरली. साखळ्या काढल्या. परमिट परत.”

त्याने फोन तोंडाजवळ घेतला.

“ऐकू आलं का? का बहिरा झाला तू बी?”

“आलं,” ऑपरेटर म्हणाला. “वेळ सांग.”

मिस्त्रीने मनगट डोळ्यांजवळ नेले. काटे त्याला दिसत असावेत. त्याने हात खाली घेतला.

“तुझ्याकडं किती झाले?”

“बारा तेवीस.”

“मग तेच लिही.”

ऐकणाऱ्याने निरोप पुन्हा म्हणून दाखवायचा, असा नियम आहे. त्याशिवाय परमिट परत आले असे धरत नाहीत. ऑपरेटरने निरोप म्हणून दाखवला, शब्द न गाळता: सिन्नर लाईन, काम पूर्ण, चारी माणसं खाली उतरली, साखळ्या काढल्या, परमिट परत, बारा तेवीस.